कडी काढू नका, असं मी सांगितलं

भांडुपच्या आमच्या चाळीची पाण्याची टाकी फुटली, ती मालकाने दुरुस्त केली नाही. मग मीटरची पेटी जळाली आणि वीजही गेली. शेवटी पालिकेने नोटीस लावली: पाणी नाही, वीज नाही, इमारत राहण्यास अयोग्य, खोल्या रिकाम्या करा. दुरुस्ती मालकाने टाळायची आणि घर आम्ही सोडायचं! माझं डोकंच फिरलं.

मी पत्रकं वाचतच मोठी झाले. वडील चळवळीतले, कपाटात साड्यांखाली पत्रकांचे गठ्ठे असत. मीही एका दमात पत्रक लिहिलं आणि झेरॉक्स काढून दारोदार वाटलं. 'एकही दार उघडू नका. एकाही कागदावर सही करू नका.'

शेजारच्या मालवणच्या मावशी एकट्या राहायच्या. गिरणीतला नवरा वारल्यावर पोळ्या लाटून त्यांनी ती खोली टिकवली होती.

"माका काय कळता गो? पालिकेचो माणूस इलो तर?"

"आला तर आला. कडी काढायची नाही."

"तू शिकलेला चेडू. सांगतंस तसा करतंय."

पालिकेची माणसं आली ती मोजपट्टी घेऊन. इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क राहतो. त्यासाठी प्रत्येकाची खोली मोजून नाव यादीत घालायचं होतं. नोटिशीच्या दुसऱ्या पानावर हे स्पष्ट लिहिलं होतं. मी पहिल्याच पानावर पेटले होते.

मी तेव्हा कामावर होते. आमचं दार आईने उघडलं. "अर्धा पेला पाणी उरलं होतं, ते दिलं त्याला. त्याने नीट समजावलं, मी सही केली. तुझं पत्रक तुझ्यापाशी," ती म्हणाली. मी तिच्यावरच चिडले. चाळीत बाकीच्यांनीही दारं उघडली होती. माझं ऐकलं ते फक्त मावशींनी. यादीत त्यांच्या खोलीपुढे 'बंद' असा शेरा पडला.

चाळ रिकामी झाल्यावर मावशींचं नाव यादीत घालून घ्यायला मी आणि मावशी पालिकेच्या कार्यालयात गेलो.

"सगळ्यांनी उघडलं, तुम्हीच का नाही उघडलंत?" साहेबांनी विचारलं.

मी बाजूच्याच खुर्चीत होते. बोलायला हवं होतं.

"गावाक गेल्लंय, साहेब," मावशी म्हणाल्या.

"मग तसा अर्ज द्या. पुरावा जोडा."

बाहेर बाकावर मी अर्ज लिहायला घेतला. कारणापाशी पेन अडलं. मावशी कुजबुजल्या, "गावचाच घाल. तुझा नाव कित्याक मधी?" आणि मी गावचंच लिहिलं. सुटल्यासारखं वाटलं मला, तेही आठवतंय.

पुरावा कुठून येणार? मावशी आता विरारला भाचीच्या स्वयंपाकघरात झोपतात. खरं कारण लिहिलेला दुसरा अर्ज मी गेल्या आठवड्यात दिला, आठ महिन्यांनी. कारकुनाने फाइल उघडून दोन्ही अर्ज शेजारी ठेवले.

"एकात गावाला, दुसऱ्यात घरात. बाई खोटं बोलतायत, असंच म्हणणार ना साहेब?"

"खोटं मी लिहिलंय," मी म्हणाले.

"पण खोली त्यांची आहे, मॅडम."