डोक्यावरची पिसं

भागा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अंगणात शेंगा फोडत होते. सुपातल्या उरलेल्या फोडल्या आणि मग उठले. महिना होत आला. लोक म्हणतात, भागा फार सोशिक होती. नव्हती. तिला बोलता येत होतं, आणि एकदा ती मला जे बोलली ते मी विसरलेले नाही.

भागा माझी नणंद. निजामाच्या राज्यातली शेवटची वर्षं होती. लेकरू होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला साखऱ्याला, आमच्या घरी आणून सोडलं. सोबत एक गाठोडं आणि पोपटाचा पिंजरा. मांजराच्या भीतीनं सासूबाईंनी पिंजरा धान्याच्या खोलीत टांगला. तिथं उजेड नव्हता. दोन महिन्यांत पोपटाची छाती उघडी पडली, पायांवरचीही पिसं गेली. खरूज समजून मी हळद कालवून तेल चोपडलं, तर तेल काढायला तो अंग जास्तच टोकरू लागला. रोज पिंजऱ्याखाली पिसांचा सडा... त्या खोलीत भागाशिवाय कोणी बसत नव्हतं. मीच सासूबाईंना म्हणाले, वन्संच उपटत असतील, रागानं. एवढ्यावर थांबले नाही. माझी तान्ही कुसुम दिवसभर तिच्या मांडीवर असायची. ती मी उचलून घेतली.

तिसऱ्या दिवशी भागा पिंजरा घेऊन चुलीपाशी आली आणि माझ्यासमोर ठेवला.

"वैनी, नीट बघा. डोस्क्यावरचं एक तरी पीस गेलं का?"

गेलं नव्हतं. डोकं हिरवंगार, खाली नुसती कातडी.

"मी उपटली असती तर डोस्कं काहून सोडलं असतं? त्याची चोच तिथं पोचत न्हाई. जिथं पोचते तिथलं त्यो सोताच काढून राहिला. तुमी समदे शेतावर गेले की सुरू होतंय. मी दारातून बघितलंय."

सासूबाई म्हणाल्या, "पाखरू सोताचं अंग कशाला कुरतडंल गं?"

"अंधारात एकलं बसून बघा, मंग सांगा."

त्याच दिवशी पिंजरा ओसरीवर आला. संध्याकाळी मी कुसुमला भागाच्या मांडीवर नेऊन ठेवलं. तिनं लेकराची टाळू हुंगली आणि विचारलं, "हिला न्हाई ना चोपडलं तेल?"

मग तिनं तेल बंद केलं. सकाळच्या उन्हात साधं पाणी शिंपडायची, तो पंख फुलवून भिजायचा. नुसत्या डाळ-मिरचीवर राहिलेल्याला पेरू, कोवळं कणीस मिळू लागलं. पिंजऱ्यात रोज कडुलिंबाची ताजी काडी. साल सोलण्यात त्याची चोच गुंतून राहायची. पीस ओढताना कोणी ओरडलेलं तिला खपत नसे. "वरडलं की त्येला वाटतंय, कुणी तरी बोललं. मंग आणिक ओढतो." आम्ही शेतावर निघालो की पिंजराही निघायचा, ती तो बाभळीला टांगायची. पावसाळा सरता सरता छातीवर पिसं आली. एका पायावर शेवटपर्यंत आली नाहीत.

मी चुकले, असं मी तिला कधी म्हटलं नाही. कडुलिंबाची काडी मात्र पोपट मरेपर्यंत रोज मीच तोडून आणली. ती हात पुढे करायची, मी द्यायची... बस.

पुढे भागा कुसुमच्या घरीच राहिली, तिथंच गेली. तेराव्यानंतर कुसुम म्हणाली, "आई, तो रिकामा पिंजरा भंगारात देऊ का?" भागानं सोबत नेलेला तो पिंजरा कुसुमच्या ओसरीवर टांगलेला होता. मी म्हटलं, राहू दे, उजेडात आहे.