रोमचा उंटस्वार, मुक्काम अल कुसैस

दुबईत अल कुसैसला राहणाऱ्या माणसाच्या बुटात वाळू कधी शिरते ते कळत नाही. संध्याकाळी बूट झटकले की ढीग पडतो! आमच्या इव्हेंट कंपनीतले किस्से असेच साठलेत. मी तिथे ऑपरेशन्स बघते, म्हणजे सगळ्यांची बोलणी मी खाते. पण गेल्या हिवाळ्यातला उंट आठवला की आजही आधी हुश्श होतं, मग हसू येतं.

झालं असं की वाळवंटातल्या एका रिसॉर्टने 'रोमन नाइट' नावाचा डिनर शो आम्हाला ट्रायलवर दिला. आवडला तर सीझनभर, नाहीतर खलास! दुसरं काम हातात नव्हतं.

सगळ्यात जास्त धाकधूक विल्सनला. विल्सन वसईचा, आमचा सुपरवायझर. त्याची मुलगी शर्लिन दहावीला. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि ऐन बोर्डाच्या तोंडावर पोरीला घेऊन वसई गाठायची. "मेघाताई, मार्चपर्यंत कंपनी टिकू दे, मग मला खुशाल हाकला," हे त्याचं रोजचं.

*

आमचे बॉस फादी, लेबनॉनचे. त्यांनी कुठेतरी वाचलं की रोमन सैन्यात उंटावरचे शिपाई असायचे, सीरिया-इजिप्तकडच्या वाळवंटात गस्त घालायला. "हबीबी, हिस्टरी आपल्या बाजूने आहे! रोमन कोण होणार?"

विल्सनचा हात वर. "सर, गावी गुड फ्रायडेच्या नाटकात दरवर्षी रोमन शिपाई मीच!"

"उंटावर?"

"नाही सर. उंट स्टेजवर मावला नसता."

नेमणूक तिथल्या तिथे झाली.

*

उंटीण आली. नाव गझाला. तिला सांभाळणारा इद्रिस सुदानचा, पण गल्फमधली हिंदी फर्डी बोलायचा.

विल्सन ऐटीत चढून बसला. आता उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, हे वसईच्या माणसाला कसं ठाऊक असणार? गझालाने पार्श्वभाग वर केला आणि विल्सन घसरत थेट तिच्या मानेवर!

"अरे, मागे रेलायचं हे आधी सांगायचं ना!" तो ओरडला.

इद्रिस शांतपणे म्हणाला, "अभी उठेगा, ये बोला था. ऊंट को."

*

चिलखत आम्ही इंडस्ट्रियल एरियात बनवून घेतलं, हॉटेलांचे पत्र्याचे एक्झॉस्ट डक्ट बनवणाऱ्याकडून. दुपारच्या रिहर्सलला ते असं तापायचं की विल्सन म्हणायचा, "ताई, आत अंडं ठेवा, उकडून निघेल!"

खाली गुडघ्यापर्यंतचा लाल अंगरखा. शर्लिन रिहर्सल बघायला आली आणि तिने डोळेच झाकले. "पप्पा, दॅट्स अ स्कर्ट!"

"बाळा, रोमन लोक हेच घालायचे."

"आंटी, प्लीज," ती माझ्या कानात म्हणाली, "डोन्ट टेल एनीवन ही इज माय डॅड."

विल्सनने ते ऐकलं. चेहरा एवढुसा झाला त्याचा. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

*

चहा पिताना इद्रिसने गझालाची थोरवी गायली. ती म्हणे पूर्वी रेसमध्ये पळायची. पाठीवर स्वाराऐवजी छोटा रोबो, रोबोवर वॉकी-टॉकी, आणि मालक शेजारून गाडी पळवत त्यात ओरडणार. त्याचा आवाज पाठीवर आला की गझाला वाऱ्यावर!

"म्हणजे माझ्या जागी आधी मशीन होतं?" विल्सन दुखावला.

"हां. पर वो शिकायत नहीं करता था," इद्रिस म्हणाला.

*

एकदा रिसॉर्टमधले एक इटालियन पाहुणे रिहर्सल बघत थबकले. विल्सनला म्हणाले, "रोमनांकडे उंट? आमच्याकडे असं काही नव्हतं."

"होतं सर," विल्सन वरून म्हणाला. "तुम्हीच विसरलात!"

*

ट्रायलची संध्याकाळ. रिसॉर्टचे जनरल मॅनेजर पहिल्या टेबलावर. शर्लिन माझ्या शेजारी, मांडीवर मॅथ्सचं पुस्तक. ठरलं होतं असं की विल्सनने उंटावरून संथ फेरी मारायची आणि मॅनेजरना सलाम ठोकायचा. ढोलांच्या गोंगाटात त्याला माझा निघायचा क्यू ऐकू जाईना, म्हणून मी एक वॉकी-टॉकी फुल व्हॉल्यूमवर खोगिरालाच बांधला.

वेळ झाली. मी बटण दाबलं. "यल्ला, विल्सन, चल!"

गझाला सुटली! अशी सुटली की ढोलवाले ढोल टाकून पळाले. पहिल्या वळणाला ढाल गेली, दुसऱ्याला हेल्मेट. विल्सन "देवा, वाचव रे!" करत तिच्या मानेला घट्ट चिकटलेला. मी वॉकीत जिवाच्या आकांताने ओरडतेय, "थांब! अगं बाई, थांब!" मी जितकं ओरडावं तितकी ती सुसाट!

इद्रिसने धावत येऊन माझ्या हातातला वॉकी हिसकावला. "मॅडम, आप चुप!"

मी गप्प. गझाला दमादमाने थांबली, ती नेमकी पहिल्या टेबलासमोर, आणि तिने मॅनेजरांच्या सॅलडमध्ये तोंड घातलं. संपलं सगळं! आता शर्लिनकडे बघू कशी?

मॅनेजर सावकाश उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळी टेबलं उभी! मला तर रडूच फुटलं.

"दर शुक्रवारी हवं," ते म्हणाले. "अगदी असंच. कधीपर्यंत कराल?"

फादी तोंड उघडणार, तेवढ्यात मानेची मिठी न सोडता विल्सन वरून म्हणाला, "मॅथ्सचा पेपर होईपर्यंत, सर! कितीही वेळा!"

मॅनेजर गोंधळले. "कुणाचा मॅथ्स?"

माझ्या शेजारची खुर्ची खडखडली. शर्लिन तिच्यावर चढून उभी होती, पुस्तक उंच धरून.

"माइन! दॅट्स माय पप्पा!"