मावशीने स्वतःचीच टेस्ट घेतली

माझ्या मावशीने अर्ध्या शहराला गाडी शिकवली, पण स्वतःच्या नवऱ्याला शेवटपर्यंत चालवू दिली नाही. काकांचा गुन्हा एवढाच, की प्रत्येक वळणावर तिला ब्रेक दाबावा लागायचा. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा बाजूला बसलेल्या मावशीच्या. अख्ख्या फेरीत तिचा पाय एकदा जरी त्या ब्रेकवर पडला, तरी ती तुम्हाला लायसन्सच्या परीक्षेला पाठवायची नाही. मग तुम्ही कुणाचेही जावई असा. काका बिचारे जन्मभर बाजूला बसून पेपर वाचत फिरले.

पुढे स्कूल बंद झालं, काका गेले, गाडी मात्र मावशीने सोडली नाही. आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने ती फाटकाच्या खांबाला घासली. खांबच वेडावाकडा बांधलाय, असं तिचं म्हणणं. दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. आईपासून वस्तू तिच्याच स्वयंपाकघरात लपवणारा हा इंजिनियर. पाच मिनिटांत तिने ती शोधली आणि मला फोन केला.

"तुझ्या दादाला गाडीतलं शष्प कळत नाही. तो कोण मला घरी बसवणार? माझी टेस्ट होऊ दे. तू घे."

"मी?"

"तुला मीच शिकवलंय. चौथ्या खेपेला का होईना, पास झालीस ना? पास झाले तर दादाने तोंड बंद ठेवायचं. नापास झाले तर गाडी बंद."

मी म्हटलं, अगं, एवढं काय अडलंय, दादा नेईल की कुठे जायचं तिथे. त्यावर ती भडकली. "'आई, रविवारी नेतो हं.' रविवारची वाट बघत मरायचं नाहीये मला." तिला खरंच भीती वाटत होती. आवाजावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इस्त्रीचे कपडे घालून हजर. मी तिच्या जुन्या जागेवर बसले, पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर अधांतरी. आणि काय चालवली बाईने! चढावर गाडी थांबवून एक इंचही मागे न जाऊ देता उचलली. मध्ये घुसणाऱ्या ट्रकवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, तेही रस्त्यावरची नजर न हलवता. मला मनातून हेवा वाटला.

दवाखान्याच्या कोपऱ्यावर एक बाई सायकल ढकलत रस्त्यात उतरली. मावशीचं तोंड तिकडेच होतं, पण गाडी काही मंदावेना. माझा पाय आपोआप खाली गेला. गाडी थांबली, बाई आमच्याकडे न बघताच पुढे गेली.

"बघितलंस?" मावशी म्हणाली. "अशी थांबवायची असते. या वयात!"

तिचाही पाय ब्रेकवर होता, पण माझ्यानंतर आलेला. ती इतकी खुश होती की मला कसंतरीच झालं. तशी मी थापा मारण्यात पटाईत आहे. ऑफिसात, नवऱ्याला, डॉक्टरलासुद्धा बिनदिक्कत मारते. इथे नुसतं 'हो' म्हणायचं होतं आणि माझ्या तोंडून ते निघेना.

"मावशी, ब्रेक मी दाबला."

"आधी?"

"आधी. तुझा पाय नंतर आला. ती बाई दिसली नाही का तुला?"

"थांबल्यावर दिसली."

तिने हँडब्रेक ओढला. मग म्हणाली, "नापास." आम्हाला सगळ्यांना म्हणायची तश्शीच, कोरडी. आणि मग ती रडायला लागली. मीही रडले. मागचा एकजण हॉर्न वाजवत होता, त्याला तिने रडता रडताच अशी एक शिवी हासडली की तो वळसा घालून निघून गेला.

"तू हो म्हणाली असतीस ना," ती नाक पुसत म्हणाली, "तर मी खुशाल विश्वास ठेवला असता."

जागा बदलायला मी उतरले, तर ती मागचं दार उघडून आत बसलेली.

"पुढे बस की."

"नको. पुढे बसले तर तुझ्या ड्रायव्हिंगला ब्रेक दाबून दाबून पाय दुखेल."

घरी दारातच दादा उभा होता, चेहरा लांब करून. तो काही विचारणार एवढ्यात तिने माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"तू काढून घेतली नाहीस," ती म्हणाली. "मी दिलीये."