सामान उचला

दिल्लीत चार मराठी माणसं जमली की आधी गावाहून कोण येतंय याची चौकशी होते, आणि मग किस्से सुरू होतात. किस्स्यांचं आणि स्टीलच्या डब्यांचं सारखंच असतं. कुणाचा कुणाकडे आला ते आठवत नाही, पण घरात साठत जातात. आमच्या सिनेमाच्या ग्रुपकडचे निम्मे किस्से तर एकाच सिनेमाचे आहेत.

सिनेमा जुना, हिंदी, ब्लॅक अँड व्हाइट. बायको माहेरी जाते, वरच्या मजल्यावर एक गाणारी बाई राहायला येते आणि आपला सरळमार्गी नवरा रोज काहीतरी निमित्त काढून जिना चढायला लागतो. हसून हसून पोट दुखतं. शेवटी बायको परत येते. स्टेशनवर तो कबुली द्यायला तोंड उघडतो, तेवढ्यात ती म्हणते, ‘कुछ मत कहो, सामान उठाओ.’ बस्स, संपला! मी दर वर्षी पाहते आणि दर वर्षी थक्क होते. एवढंसं वाक्य, त्यात अख्खा संसार कसा मावला असेल?

*

एका वर्षी नेमका शेवटच्या प्रसंगात स्पीकर बंद पडला. संवाद सगळ्यांनाच पाठ. सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले जाधवकाका नवऱ्याचे संवाद म्हणायला लागले, तेही मराठीत. बायकोचं वाक्य आलं तशी त्यांच्या शेजारून शैलाकाकू म्हणाल्या, “गप बसा आणि ते गाठोडं उचला.”

पडद्यावरचा हिरो वाकायच्या आत जाधवकाका काकूंची पर्स उचलून उभे होते.

तेव्हापासून प्रथाच पडली. शेवटचा प्रसंग आवाज बंद करून बघायचा, आणि संवाद आपल्यापैकी दोघांनी म्हणायचे, ज्याला जसे सुचतील तसे.

*

यंदा हा सिनेमा लावावा की नाही, यावरच खल झाला. कारण रोहित आणि वैदेही. रोहित मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथल्याच कुणाशी तरी त्याचं काही होतं, हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं. वैदेही मैत्रिणीकडे राहायला गेली होती. तिने बँकेत पुण्याची बदली मागून घेतली होती आणि पुढच्याच आठवड्यात ती निघणार होती. एकदा ती गेली की संपलंच, हे सगळ्यांना दिसत होतं. माझा तर जीव तुटत होता, त्यांच्या लग्नात मी करवली होते.

“लावू नका,” मी म्हटलं.

“लावा,” शैलाकाकू म्हणाल्या. “यायचं असेल तर येतील.”

दोघंही आले. तो पहिल्या रांगेत बसला, ती शेवटच्या.

*

आमचा हॉल करोल बागेत, कार ॲक्सेसरीजच्या दुकानावर. खाली दिवसभर हॉर्न टेस्ट करत असतात. हिरोने पहिल्यांदा जिन्यावर पाय ठेवला आणि खालून असा हॉर्न वाजला, की हॉल दचकला.

“दर वर्षी इथेच वाजतो,” माझा नवरा म्हणाला. “आणि तरी हा शहाणा दर वर्षी वर जातोच.”

सगळे हसले. रोहित हसला नाही.

*

इंटरव्हलला साबुदाणा वडे खाताना चर्चा रंगते. यूपीएससीची तयारी करणारा परभणीचा सलीम वडा हातात धरून म्हणाला, “मॅडम, हिरोपुढे तीन पर्याय आहेत. प्रत्येकाचे फायदे-तोटे बघू.” एथिक्सच्या पेपरची सवय! त्याने पर्याय मांडले, तोल साधला, निष्कर्ष दिला. तोवर त्याच्या प्लेटमधले वडे दुसऱ्यांनी संपवले होते.

मग कुणीतरी जाधवकाकांना छेडलं, “काका, तुम्ही इतकी वर्षं बाहेर. कधी मोह नाही झाला?”

“झाला होता की,” काका म्हणाले. “पण सुट्टी मिळाली नाही.”

“मिळणार कशी?” काकू चटणी वाढत म्हणाल्या. “मी साहेबांच्या मिसेसना सांगून ठेवलं होतं.”

काका घास तोंडात तसाच धरून काकूंकडे बघत राहिले. इतक्या वर्षांनी त्यांना हे आत्ता कळत होतं. मी काकूंना मनातल्या मनात दंडवत घातला.

*

शेवटचा प्रसंग आला. लॅपटॉप माझ्याकडे असतो, मी आवाज बंद केला. काकूंनी फर्मान काढलं, “नवरा रोहित. बायको मी.”

रोहितला नाही म्हणता येईना. पडद्यावर गाडी थांबली, ती उतरली, तो धावत आला.

“आलीस?” रोहित म्हणाला. “मला तुला काहीतरी सांगायचंय.”

पडद्यावर तिचे ओठ हलले. काकू बोलल्याच नाहीत. मी वळून पाहिलं, तर त्या शांतपणे चष्मा पुसत होत्या.

आणि शेवटच्या रांगेतून वैदेहीचा आवाज आला.

“सामान राहू दे. आधी सांग. सगळं सांग.”

पडद्यावरची दोघं सामान उचलून निघूनही गेली. सिनेमा संपला, पडदा पांढरा झाला. रोहित पहिल्या रांगेत उभा होता, पाठमोरा. मग तो वळला आणि बोलायला लागला, अगदी पहिल्या दिवसापासून.

आम्ही एकेक जण उठलो. कुणी खुर्ची वाजवली नाही. चपला हातात घेऊन जिन्यात आलो आणि काकूंनी हळूच दार ओढून घेतलं.

जाधवकाका तेवढ्यात खाली गेले आणि दुकानदाराला म्हणाले, “भाईसाहब, थोड़ी देर हॉर्न मत बजाना.”