ट्रायफेना मावशीने वारा ऐकवला

आमच्या टर्न कोव्हपासून पार सेंट जॉन्सपर्यंत बातमी अशी आहे की ट्रायफेना किअर्लीने थेट राजधानीत, ओटावाला फोन लावला, मासेमारीच्या मंत्र्याला भरल्या ताटावरून उठवलं आणि असं काही फैलावर घेतलं की तो रडत म्हणाला, "बाई, घ्या तुमचे वाढीव दिवस, पण फोन ठेवा!" पेट्रोल पंपावरचा माणूस तर मंत्र्याचे हुंदकेसुद्धा करून दाखवतो. वाईट करतो; नकला कराव्यात तर माझ्यासारख्या. एवढा मोठा माणूस घोगरा रडेल, हा मांजराच्या पिल्लासारखा रडतो.

खरी गोष्ट मला माहीत आहे, कारण तेव्हा मी मावशीच्या स्वयंपाकघरात काकवी लावलेला पाव खात होते. मंत्र्याला फोन झालाच नाही. आणि जिथे झाला तिथे मावशी जेमतेम दोन वाक्यं बोलली. ट्रायफेना मावशी, दोन वाक्यं! म्हणूनच कुणाला पटत नाही.

भानगड सुरू झाली जुलैत, चर्चच्या हॉलमधल्या चहाला. मावशीचे यजमान इसाकाका वारल्यापासून त्यांची होडी शेडमध्ये उलटी पडून होती, आणि त्यांचा धाकटा भाऊ गार्लंड तिच्यावर डोळा ठेवून होता. गार्लंडकाका बोलतात ते नाकातून, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी खुर्चीत मागे रेलतात.

"वहिनी, होडी वाळतेय. पाण्याविना फळ्या फाकतील. मला देऊन टाका."

"का? मला हात नाहीत?"

"हात आहेत हो. पण सुकाणू धरलंय का कधी? चाळीस वर्षं दादा धरायचा, तुम्ही बटाटे सोलायच्या."

हॉल हसला. मावशीने कप बशीत ठेवला. "भावजी, ऐका सगळ्यांसमोर. या हंगामात मी स्वतः सुकाणू धरून कॉड मासा आणला नाही, तर होडी तुमची. न्या."

आता पंचाईत अशी की हौशी लोकांना कॉड धरायला सरकार मोजकेच दिवस देतं. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार, नि सप्टेंबरात एक आठवडा. दिवसाला माणशी पाच मासे. उन्हाळाभर होडीचं इंजिन सुटं होऊन मावशीच्या जेवणाच्या टेबलावर पडलेलं. मी गेले की म्हणायची, "बस, पण त्या पिस्टनला कोपर लावू नकोस." इंजिन जोडून झालं, होडी पाण्यात तरंगली, आणि सप्टेंबरचा आठवडा उजाडला तो वादळाचं शेपूट घेऊनच.

वारा थांबेचना. लाटा धक्क्यावरून उडून ट्रकांच्या काचांवर आपटायच्या. गार्लंडकाका रोज सकाळी येऊन होडीला हात लावून जायचे, घोडा विकत घेणाऱ्यासारखे. एकदा तर मापाची फीत घेऊन आले.

"कशाला मोजताय?"

"ताडपत्री शिवायला टाकतो म्हटलं. रविवारी हंगाम संपतोय ना."

मावशी घरात आली ती भिंतीवरच्या फोनकडेच गेली. तो जुना, लांबलचक गुंडाळी वायरचा. रेडिओवर सकाळी लोक फोन करून गाऱ्हाणी सांगतात तो कार्यक्रम चालू होता. निवेदक बॅक्स्टर. त्याचा आवाज गरम लोण्यासारखा: "बोऽला, कोण बोलतंय?"

"टर्न कोव्हहून ट्रायफेना किअर्ली. हे ऐक."

आणि तिने खिडकी उघडून फोन बाहेर धरला.

माझ्या ताटलीतला पाव उडाला. पडदे छताला चिकटले. तिकडे रेडिओवर वाऱ्याची अशी शीळ की कुत्रा टेबलाखाली गेला. बॅक्स्टर "हॅलो? बाई? हॅलो?" करत होता. मावशी हात लांब करून उभीच. मग फोन आत घेतला आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पण तिच्या आधी वरच्या किनाऱ्याहून कुणी म्हातारा लागला होता: "बॅक्स्टर, आमचाही ऐक." मग दक्षिणेकडची एक बाई. मग एक जण थेट धक्क्यावरून, त्याचा मोबाईलच पाण्यात गेला, डुबुक् ऐकू आलं. अख्खा कार्यक्रम वाराच वारा. मासेमारी खात्याचा कुणी साहेब बोलायला आला होता, कागद वाचल्यासारखा: "परिस्थितीचा सर्वांगीण आढावा—" आणि मागून तीन गावांचा वारा एकदम.

शुक्रवारच्या बातम्यांत सांगितलं: हवामानामुळे वाया गेलेले दिवस भरून देण्यासाठी हंगाम पुढच्या आठवड्यातल्या शनिवार-रविवारीही खुला. धक्क्यावरच्या ट्रकांनी भोंगे वाजवले. चर्चची घंटाही कुणीतरी वाजवली, लग्नकार्य नसताना.

गार्लंडकाका धावत आले. "वाढीव दिवस हंगामात धरायचे नाहीत! आपलं बोलणं हंगामाचं होतं."

"असं? मग पुढच्या शनिवारी कुणी मासा धरला की तुम्ही खात्याला कळवा, भावजी. हंगामाबाहेर धरला म्हणून. पहिलं नाव तुमच्या थोरल्याचं सांगा, तो गळ घासत बसलाय."

काका मागे रेलायला गेले, पण मागे खुर्ची नव्हती.

तो रविवारही वाऱ्यातच गेला. पुढच्या शनिवारी मात्र समुद्र तेल ओतल्यासारखा. साक्षीदार म्हणून आपण होडीत बसणार, हा काकांचा हट्ट. मावशी म्हणाली, "बसा. पुढच्या टोकाला."

मी धक्क्यावरून ओरडले, "मावशी, परत येताना सुकाणू काकांच्याच हातात असणार! आयुष्यात त्यांनी दुसऱ्याला होडी चालवू दिलेली नाही. पैज!"

"लाव. हरलीस तर ज्यांच्याकडे होडी नाही त्यांच्या घरी माझे मासे तू पोचवायचे. आणि घरोघरी आजची हकीकत सांगायची. पण कुणाच्याही आवाजाची नक्कल न करता."

मी लावली. काकांना मी ओळखत होते ना!

दुपारी होडी खडकामागून वळली. मागे मावशी, सुकाणू काखेत, टोपी मानेवर. पुढे काका पाठमोरे, मान खाली. जवळ आले तेव्हा दिसलं, ते निमूट, तळून खायला म्हणून माशांच्या जिभा कापत होते. तिचे पाच, त्यांचे पाच, एकेक मांडीएवढा. त्यांनी वर बघून नाकातून एवढंच सांगितलं, "दादापेक्षा सरळ चालवतात." धक्क्यावर एवढा गलका झाला की होडी दोराला बांधायचं कुणाला सुचेना.

पहिलं घर म्हाताऱ्या मेल्विना मावशीचं. मासा दिला, खुर्चीवर बसले, आणि गार्लंडकाकांपासून बॅक्स्टरपर्यंत सगळी हकीकत माझ्या एकाच सपाट आवाजात सांगितली. मेल्विना मावशी पाचव्या वाक्याला झोपली. अजून चार घरं बाकी होती.