वीसपैकी अठरा

शिंप्याची थोरली पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. साथ आली, कॉलेजला कुलूप लागलं, पोरींना घरी धाडलं. म्हणाले, आता मोबाइलवर शिका. आता सांगा, सुई टोचायची, जखम धुवायची, ही काय मोबाइलवर शिकायची कामं? पण शिकत होती बापडी. बापाचा मोबाइल बटणांच्या डब्याला टेकवून ठेवायचा, समोर खाटेवर आजोबा.

आजोबा म्हणजे तिचा पेशंट. उजवं अंग लुळं पडलेलं, पण जीभ शाबूत.

"काय डॉक्टरीणबाई, आज कसला आजार झालाय मला?"

"गप पडा हो आजोबा. हात द्या."

"तो मेलेला घे. जिवंत हातानं मी चहा पितोय."

म्हणून ती रोज त्या लुळ्या हातालाच बीपीचा पट्टा बांधायची, फुगा दाबायची, कानात नळ्या घालून ऐकायची. ठोका काही धड ऐकू यायचा नाही. एकीकडे मोबाइलमधून मॅडम, दुसरीकडे बापाच्या मशीनची खडखड. बाकीच्या पोरींचंही तेच. मग सगळ्यांनी ठरवूनच टाकलं, मॅडमनी विचारलं की एकशेवीस-ऐंशी सांगायचं.

परीक्षाही मोबाइलवरच. बापानं आधीच बजावलेलं, "वर्ष गेलं तर शिक्षण बंद. मशीनवर बसायचं." सकाळी अकराला तिचा नंबर लागला. आजोबा डोळे मिटून पडलेले. तिला वाटलं, डोळा लागलाय, कशाला उठवा. हात गार लागला, पण तो हात कायमच गार. पट्टा बांधला, फुगा दाबला, ऐकलं. काही नाही. रोजच्यासारखंच काही नाही.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"एकशेवीस-ऐंशी."

"छान. पुढची."

पट्टा सोडला तसा हात धपकन खाटेवर पडला. तो रोजच तसा पडायचा. "आजोबा, पास झाले बरं का," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

चहा घेऊन आई गेली आणि तिच्या हातून कप सुटला. साडेअकराला डॉक्टर आले, म्हणाले, "जाऊन तासभर तरी झाला असेल."

पोरगी रडली नाही. पट्टा गुंडाळून डब्यात ठेवला, सांडलेला चहा पुसला. लोक म्हणाले, दगड आहे का ही?

निकाल लागला, वीसपैकी अठरा. तिनं मॅडमना फोन केला. "मॅडम, माझा पेशंट तेव्हा गेलेला होता. मार्क कापा."

मॅडम म्हणाल्या, "अगं, मला तर सगळं बरोबर दिसलं होतं. निकाल वर गेलाय आता. जाऊ दे."

पुढं कॉलेज उघडलं, वॉर्डात ड्यूटी लागली. पहिलाच पेशंट एक जाडजूड काका. तिनं पट्टा बांधला, ऐकलं. काही नाही. सिस्टर ओरडल्या, "किती वेळ गं? एकशेवीस-ऐंशी लिही आणि पुढं हो."

"ऐकू नाही आलं, सिस्टर. पुन्हा बघते."

"पोरी, हात बधिर झाला की माझा," काका कुरकुरले.

तिनं पट्टा सैल केला, जरा थांबून पुन्हा बांधला. तिसऱ्या खेपेला ठोका आला. दब, दब, दब. एकशेचाळीस-नव्वद. तिनं तेवढंच लिहिलं.

मग पट्टा सोडला. काकांचा हात खाली पडू दिला नाही, दोन्ही हातांनी धरून खाटेवर ठेवला.