शेवंताकाकूंचा आहेर

कापड घ्यायचं असलं की शेवंताकाकू ते हाताने चाचपत नसत. डोळे मिटायच्या आणि पापणीवरून फिरवायच्या. "हात निबर झाले वो, खोटं सांगतात. पापणी खोटं नाही सांगत," म्हणायच्या.

१९९९ साली लग्न होऊन मी केशोरीला आले, तेव्हापासून त्या आमच्या शेजारीण. उंच, सावळ्या, धानाच्या रोवणीला चिखलात उतरल्या की पोरीसोरींना मागे टाकणाऱ्या. त्यांच्या थोरल्या जाऊबाई कौसल्याबाई समोरच राहत. मध्ये एकच अंगण. पण काकू त्यांच्याशी शब्द बोलत नसत. का, ते बाहेरच्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "एकेक कायले बोलू? एकदाच बोलीन."

२००३च्या हिवाळ्यात कौसल्याबाईंच्या मनोहरला पहिली मुलगी झाली. काकूंचे यजमान त्याआधीच्या वर्षी वारले होते. बारशाच्या आदल्या दिवशी काकू मला म्हणाल्या, "चाल, गोंदियाले जाऊ. त्या लेकरासाठी ब्लँकेट घ्याचं हाये." मला वाटलं, चला, अबोला सुटला.

दुकानदाराने ढीग मांडला. "माताजी, ये टेडीवाला ले जाओ, बहुत चल रहा है."

काकूंनी ते पापणीवर टेकवलं. "गडता है, टोचतं."

दुसऱ्याचे केस गळत होते. लेकराच्या नाकात जातील म्हणून नको. तिसरं जड, एवढ्याशा छातीला त्याचा भार होईल. दुकानदार कंटाळला, मीही कंटाळले. शेवटी एक फिकट पिवळं ब्लँकेट त्यांनी डोळ्यांवर घेतलं ते बराच वेळ काढलंच नाही. काढलं तेव्हा डोळे ओले होते आणि जबडा घट्ट आवळलेला.

"हेच. पोरीले मऊ लागन, अन् कौसल्येले टोचन."

मला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू इतक्या वर्षांनी त्या घराचा उंबरठा चढल्या. कौसल्याबाईंचा चेहरा उजळला. "ये शेवंते, बस." काकू बसल्या नाहीत. पाळण्यातल्या मुलीवर त्यांनी ब्लँकेट नीट पांघरलं आणि सुनेला म्हणाल्या, "वर्षा, हे तुह्या पोरीचं हाये. कोणी मांगलं तरी देऊ नोको. तुह्या सासूनं मांगलं तरी."

वर्षा हसली. "त्या कायले मांगतील, काकू?"

"माह्या पोरीचं नेलं होतं नं."

मग उभ्याउभ्याच, आवाज न चढवता, त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची पहिली मुलगी आणि मनोहर एकाच हिवाळ्यातले. काकूंच्या आईने आपली जुनी, मऊ झालेली लुगडी जोडून नातीसाठी गोधडी शिवून आणली होती. काकू कालव्यावर बाळाचे कपडे धुवायला गेल्या, तेवढ्यात कौसल्याबाईंनी ती गोधडी उचलून मनोहरवर घातली. मुलीवर धानाचं रिकामं पोतं टाकलं. काकूंनी परत मागितली, तर म्हणाल्या, "पोरीच्या जातीले कायले पाह्यजे एवढं?" दोन-तीन दिवसांत मुलीला थंडी बाधली, श्वासागणिक पोट उडायला लागलं. औषधाला घेऊन निघाले, पण ती वाटेतच गेली.

"माह्या मालकानं शपथ घातली, तोंड उघडशीन तं घर फुटन. आता ते नाही राहिले. फुटू दे."

"जुनं कायले उकरून राहिली वो?" कौसल्याबाई पुटपुटल्या. "आजचा दिस तरी..."

"आजचाच दिस पाह्यजे होता मले."

मनोहर दारात उभा होता. "आई, ते गोधडी माह्या अंगावर होती?" कौसल्याबाईंनी मान खाली घातली. वर्षाने मुलीला ब्लँकेटसकट उचललं आणि छातीशी धरलं.

त्यानंतर वर्षाने मुलगी कधी सासूजवळ एकटी सोडली नाही. कौसल्याबाई पायरीवर बसून विनवायच्या, "दे नं वो, घडीभर मांडीवर." वर्षा म्हणायची, "झोपली हाये." समोर काकू तांदूळ निवडायचे थांबवून हे बघायच्या, नजर न हलवता. मला ते बघवेना. म्हटलं, "काकू, आता तरी बरं वाटतं का?"

"बरं काऊन वाटन? पण इतके वर्सं मी एकटीच जागी राहत होतो. आता ते बी जागी राहते."

पुढे सात-आठ वर्षांनी कौसल्याबाईंनी अंथरूण धरलं. ऐन रोवणीचे दिवस. मनोहर शेतावर बोलवायला आला, तेव्हा काकू मलाही सोबत घेऊन गेल्या. कौसल्याबाईंनी हात जोडले. "शेवंते, पाप झालं माह्या हातून. माफ कर मले."

काकू खाटेपाशी उभ्या राहिल्या. त्यांनी जावेचे हात खाली केले. जोराने नाही, पण मायेनेही नाही.

"माफी माह्यापाशी नाही, कौसल्ये. गोधडी तू माह्या पोरीची नेली. वर गेल्यावर तुले ते पोरगी भेटन तं तिलेच मांग."

आणि चिखलाने भरलेल्या पायांनी त्या तशाच पुन्हा शेताकडे निघाल्या.